वाटी, करवंटी, कप की ग्रॅम? घरच्या मापांचा हिशोब एकदाच लावून ठेवा

मागच्या चवथीच्या आधी नणंदेचा मडगावहून फोन, "वहिनी, बातिका मधेच बसली गो, आतून ओलीच राहिली, रवा जुना होता काय?" बातिका म्हणजे आमच्याकडचा रवा-नारळाचा केक, आणि रव्याचा काही दोष नव्हता. तिने मोबाईलवर बघून केलेली, त्यात दीड कप रवा, एक कप साखर, चार अंडी, दोनशे ग्रॅम बटर आणि एक नारळ असं माप होतं, आणि तिने कप म्हणून घरातली आमटीची वाटी घेतली. आता सगळं त्याच वाटीने मोजलं असतं तर काही बिघडलं नसतं, बातिका थोडी लहान झाली असती इतकंच. पण अंडी चारच राहिली, बटर दोनशे ग्रॅमच राहिलं, नारळही अख्खा पडला, आणि रवा मात्र २५० ग्रॅमच्या जागी पावणेदोनशेच गेला. मग ती बसेल नाहीतर काय करेल?

सगळी मेख इथेच आहे. एकाच भांड्याने सगळं मोजलं तर भांडं केवढं आहे याला महत्त्व नाही, प्रमाण आपोआप जुळतं. आपल्या आज्या करवंटीने मोजून आयुष्यभर नेवऱ्या (करंज्या) करत आल्या त्या याच हिशोबावर. घोळ होतो तो रेसिपीत काही मापं भांड्याची, काही वजनाची आणि काही नगावर असली की, आणि आजकाल नेटवरची प्रत्येक रेसिपी अशीच सरमिसळ असते.

नेटवर कप ते ग्रॅमचे तक्ते ढिगाने मिळतात पण त्यातला कप तुमच्या घरात नसतो. म्हणून माझं म्हणणं असं की स्वतःच्या भांड्यांचा तक्ता स्वतः बनवा, एक दुपार जाते आणि मग पुढची कित्येक वर्षं बघायला नको.

हे कशाला करायचं आणि कशाला नाही

खतखतं, हुमण, सोलकढी, रोजची आमटी यांना काटा लावायला बसलात तर घरचे हसतील, आणि बरोबरच हसतील. भात, घावन, डोसा यांना फक्त प्रमाण लागतं, तीनाला एक, एकाला दोन, कुठल्याही भांड्याने घ्या. वजन लागतं ते बेकिंगला (बातिका, केक, बिस्किटं, पाव), लोणच्याच्या मिठाला, पाकाच्या मिठाईला, आणि कधी दहा माणसांची रेसिपी शंभर माणसांसाठी करायची वेळ आली तर. बाकी अंदाज झिंदाबाद.

पहिलं काम: भांडं मोजा

रोज वापरता ती एक वाटी, एक चहाचा कप आणि एक पेला निवडा. काटा असेल तर रिकामी वाटी ठेवून शून्य करा आणि काठापर्यंत पाणी भरा. पाण्याचं १ मिली म्हणजे १ ग्रॅम, स्वयंपाकघरापुरतं हे अगदी पक्कं धरा (तंतोतंत बोलायचं तर हे ४ अंश सेल्सिअसला खरं आहे, आपल्याकडच्या ३० अंशाला हजारात चारेक ग्रॅमचा फरक पडतो, सोडून द्या). काट्यावर १७० आलं तर वाटी १७० मिलीची. काटा नसेल तर औषधाच्या बाटलीचं टोपण घ्या, त्यावर ५ आणि १० मिलीच्या रेघा असतात, किंवा दहा मिलीची सुई नसलेली सिरिंज, फार्मसीत मिळते. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली असली तर अजून सोपं, तीत किती वाट्या बसतात ते मोजा आणि ५०० ला त्या आकड्याने भागा.

माझ्याकडची स्टीलची वाटी १७० निघाली, चहाचा कप १४०, आणि सासूबाईंच्या काळापासून मापाला वापरतोय ती करवंटी २००. करवंटीचं सांगायचं तर मापाला नेहमी डोळे नसलेला अर्धा घ्यायचा, डोळ्यांच्या बाजूच्या अर्ध्यातला मऊ डोळा कधी ना कधी फुटतो आणि माप खालून गळतं.

राइस कुकरबरोबर प्लॅस्टिकचा कप येतो तो बहुतेक १८० मिलीचा असतो, बेकिंगच्या कपापेक्षा बराच लहान. ते मूळ जपानी माप आहे, 'गो' म्हणतात त्याला, तांदळाचंच. कुकरच्या आतल्या रेघाही त्याच कपाच्या हिशोबाने असतात, म्हणून तो कप हरवला की भात बिघडायला लागतो आणि आपण तांदळाला नावं ठेवतो.

दुसरं काम: जिन्नस मोजा

पाण्याचं जमलं म्हणून सगळ्यांचं तसंच असं नसतं. त्याच १७० च्या वाटीत मध जवळजवळ २४० ग्रॅम बसतो, तेल १५६, आणि हलक्या हाताने भरलेला मैदा ८५ च्या आसपास. शाळेत घनता शिकलो ती हीच, वजन भागिले आकारमान. पिठांच्या बाबतीत दाण्यादाण्यांमध्ये हवाही असते म्हणून आकडा अजून खाली येतो.

काट्याशिवाय हे काढायची माझी आवडती पद्धत पाकिटाची आहे. नवीन ५०० ग्रॅमचं रव्याचं पाकीट फोडलं की डब्यात ओतायच्या आधी वाटीने मोजा. माझ्याकडे बारीक रव्याच्या चार वाट्या भरल्या आणि वर तीन टेबलस्पून उरला. म्हणजे चार गुणिले १७० अधिक ४५, एकूण ७२५ मिली, आणि ५०० ला ७२५ ने भागलं की ०.६९. म्हणजे माझ्या घरात रव्याचं १ मिली म्हणजे ०.६९ ग्रॅम. एक वाटी रवा म्हणजे १७० गुणिले ०.६९, साधारण ११७ ग्रॅम. झालं, रव्याचा प्रश्न संपला. साखर, मैदा, बेसन, तांदळाचं पीठ, जे पाकीट फोडाल त्याचं असंच करत जा आणि कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवा.

सूत्र म्हणाल तर एकच, ग्रॅम बरोबर मिली गुणिले घनता, आणि उलट जायचं तर ग्रॅम भागिले घनता.

मैद्याचा खेळ

मैद्यावर थोडं थांबते कारण सगळ्यात जास्त फसवतो तो हाच. अमेरिकन २४० मिलीचा कप घ्या. मैदा चाळून हलकेच पडू दिला तर १०५-११० ग्रॅम बसतो. चमच्याने भरून वर सुरीने सपाट केला तर १२० ते १२५, बहुतेक बेकिंगवाले हेच धरतात. कप थेट डब्यात खुपसून काढला तर १४० ते १५०. आणि वरून ओट्यावर दोन वेळा आपटला (आपल्या सगळ्यांना ती सवय आहे, तांदूळ मोजताना लागलेली) तर अजून वर जातो. तीन कप मैद्याच्या केकला हा फरक ऐंशी-नव्वद ग्रॅमपर्यंत जातो, म्हणजे पाऊण कप जास्तीचा मैदा, आणि मग केक दगड झाला की अव्हनला शिव्या.

पावसात तर अजूनच गंमत. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा एवढी दमट की पीठ दमट होऊन गोळे धरतं, मीठ पाणी सोडतं, गूळ घाम गाळतो. पावसाळ्यात कपाने मोजण्याआधी पीठ चाळून घ्याच, नाहीतर सरळ वजनाने घ्या.

रेसिपीतला शब्दांचा क्रमही बघत जा. "एक कप चाळलेला मैदा" म्हणजे आधी चाळा मग मोजा, आणि "एक कप मैदा, चाळून" म्हणजे आधी मोजा मग चाळा. काजूचं तेच, अख्खे काजू एक कप मोजून मग तुकडे केले तर वजन एक, आणि तुकडे कपात भरले तर जास्त, कारण तुकडे दाटून बसतात. साखरेत तर हे फारच दिसतं, २०० मिलीची करवंटीभर दाणेदार साखर म्हणजे १६५ ग्रॅमच्या वर, ती मिक्सरला फिरवली की सव्वातीनशे मिलीच्या आसपास जागा घेते, म्हणजे करवंटी दीडपटीपेक्षा जास्त भरते. म्हणून "एक करवंटी पिठीसाखर" आणि "एक करवंटी साखर दळून" यात गोडाचा खूप फरक आहे, सासूबाईंच्या वहीत मी हे चुकीचं वाचलेलं आणि त्या वर्षीच्या नेवऱ्या दात दुखेपर्यंत गोड.

सुरुवातीला हाताशी धरायचे आकडे

तुमचे आकडे निघेपर्यंत हे चालवा, सगळे २४० मिलीच्या कपाचे, ग्रॅममध्ये. दाणेदार साखर २००. पिठीसाखर १२०. बारीक रवा १६५ च्या आसपास. तांदूळ १८५ ते २००, उकडे तांदूळ यातच येतात. तांदळाचं पीठ १५०-१६०. बेसन चाळलेलं असेल तर १०० च्या खालीही जातं, दाबलेलं १२०. कोको पावडर ८५ ते १००. पातळ पदार्थांत दूध २४५, दही तेवढंच, तेल २२०, पातळ तूप २१८, बटर २२७, मध ३४०. बारीक मीठ २९० च्या जवळ, पण मीठ कपाने कोण मोजतं.

नारळाचं काही खरं नाही. ताजा खवलेला नारळ हलका भरला तर ८०-८५ ग्रॅम, दाबला तर शंभराच्या वर सहज. सुकं किसलेलं खोबरंही ८० ते ९०. आणि "एक नारळ" हे तर मापच नव्हे, मध्यम नारळाचा खव १८० ते २५० ग्रॅम कुठेही निघतो. बाहेरच्या माणसाला रेसिपी देताना नारळ नगावर सांगू नका, खव किती ग्रॅम ते सांगा.

माडाचा गूळ, तो काळा सुळक्यासारखा मिळतो तो, किसून घेतला तर कपात १५०-१६० बसतो, दाबून २०० पर्यंत. दोदोलाला (गूळ-नारळाच्या मिठाईला) गूळ कपाने मोजणं म्हणजे जुगार, ढेप अख्खी काट्यावर ठेवा आणि हवा तेवढा तुकडा काढून घ्या, किसण्याआधीच वजन झालेलं बरं.

चमचे

टीस्पून ५ मिली, टेबलस्पून १५ मिली. ऑस्ट्रेलियन टेबलस्पून मात्र २० चा, तिथली रेसिपी असेल तर लक्षात ठेवा. घरातला चहाचा चमचा ३ मिलीचाही असतो आणि ७ चाही, म्हणून औषधाच्या टोपणाने तपासून एक चमचा मापाचा म्हणून वेगळा काढा आणि मसाल्याच्या डब्यात कायमचा ठेवा.

बारीक मीठ एक टीस्पून म्हणजे ६ ग्रॅम. मिठागरातलं जाडं मीठ त्याच चमच्यात कमी बसतं कारण खड्यांच्या मधे पोकळी राहते. आगरवाड्याचं किंवा रायबंदरच्या बाजूचं मीठ वापरणाऱ्यांनी रेसिपीतलं मीठ वजनानेच घ्यावं. किलोभर फोडींना १५० ग्रॅम मीठ असं कोणी सांगितलं तर बारीक मिठाचे ते २५ टीस्पून होतात, जाडं त्याच २५ चमच्यांनी घातलंत तर कमी पडेल, आणि लोणच्यात मीठ कमी म्हणजे पुढच्या महिन्यात बरणीवर पांढरी बुरशी.

सोडा, बेकिंग पावडर, यीस्ट यांचं उलट आहे, इथे चमचा बरा आणि काटा वाईट. साधा किचनचा काटा एकेक ग्रॅमने मोजतो, ३ ग्रॅम यीस्ट घ्यायचं तर तो अडीचलाही ३ दाखवेल आणि साडेतीनच्या जवळही. बेकिंग पावडरचा टीस्पून ४ ते ५ ग्रॅम, सोड्याचा ५ च्या आत, इन्स्टंट यीस्टचा ३.

परदेशी रेसिपी

अमेरिकन कप व्यवहारात २४० मिली धरा, ऑस्ट्रेलियन २५०, जुना ब्रिटिश कप २८४. आपल्या बाजारात मिळणारे प्लॅस्टिकचे मापाचे कप कधी २४० चे कधी २५० चे असतात, खाली लिहिलेलं असतं, नसेल तर पाण्याने मोजा.

औंस दोन आहेत हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. वजनाचा औंस २८.३५ ग्रॅम, पातळ पदार्थाचा अमेरिकन औंस २९.५७ मिली. पाण्या-दुधाला फरक कळत नाही, पण कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यावरचे १४ औंस हे वजन आहे, जवळजवळ ४०० ग्रॅम, आणि ते जाड असल्यामुळे मापात ३०० मिलीच्या थोडं वर भरतं. कोणी १४ औंस बघून पातळ औंसाच्या हिशोबाने ४१४ मिली ओतलं की गोड जास्त झालंच समजा.

बटरची 'स्टिक' म्हणजे ११३ ग्रॅम, आपलं छोटं पाकीट १०० चं. एका स्टिकला एक पाकीट हे बऱ्याच वेळा खपून जातं, दोन-तीन स्टिक असल्या की नाही. पाउंड ४५४ ग्रॅम. अंड्याचं म्हणाल तर त्यांचं 'लार्ज' अंडं कवच काढून ५० ग्रॅमचं धरतात, आपली गावठी अंडी त्याहून बरीच लहान. बिबिंकाला (थराथरांच्या गोड केकला) पिवळा बलक मोजून घालतो तिथे त्यांच्या एका बलकाचे १८ ग्रॅम धरा आणि गावठी असतील तर वजन करून एखादा वाढवा.

लिटरवर पण डोळे झाकून जाऊ नका. एक लिटर तेलाच्या पिशवीवर ९१० ग्रॅम लिहिलेलं असतं ते कोणी फसवलं म्हणून नव्हे, तेल पाण्यापेक्षा हलकंच आहे. आइस्क्रीमचा एक लिटरचा डबा अर्ध्या किलोच्या थोडा वरही भरू शकतो, बाकीची हवा, पैसे देऊन घेतलेली.

काटा घ्यायचा तर

पाच किलोपर्यंतचा, एक ग्रॅमने मोजणारा साधा डिजिटल पुरतो. सपाट कडक ओट्यावर ठेवा, टेबलक्लॉथवर नको. एकाच भांड्यात सगळं घालत जा, प्रत्येक वेळी शून्य करून, भांडी घासायची कमी होतात, हा खरा फायदा. एक खोड सांगते, पीठ अगदी हळूहळू भुरभुरवलं तर बऱ्याच काट्यांना ते कळतच नाही, आकडा तिथेच अडकून राहतो. मग भांडं उचलून परत ठेवा, खरा आकडा दिसेल. हलकं भांडं असेल तर वरचा पंखाही बंद करा.

काटा बरोबर आहे का बघायला दहा रुपयांची दहा नाणी ठेवा, एक नाणं ७.७ ग्रॅमचं, म्हणजे ७७ च्या आसपास यायला हवं. ७० किंवा ८५ आलं तर आधी सेल बदला.

काटाच नको असेल तर कपड्यांचा हँगर, दोन्ही टोकांना सारख्या दोन पिशव्या, एकीत २५० मिली पाण्याची पातळ पिशवी गाठ मारून, दुसरीत रवा घालत जायचा, हँगर सरळ झाला की पाव किलो. दिसायला येडपट दिसतं पण चालतं, मी केलेलं आहे.

उलटा हिशोब: वहीतून बाजाराच्या यादीत

जुन्या वह्यांत शेर, मापटं, चिपटं भेटेल. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ही सगळी भांड्याची मापं, धान्य ओतून मोजायची, म्हणून एक पायली तांदूळ आणि एक पायली पोहे यांचं वजन कधीच सारखं नसणार. शिवाय गावागणिक पायली बदलायची. वहीत फक्त प्रमाण बघा, किलोत बदलायला वहीतल्या बाईचंच भांडं मिळालं तर मिळालं.

आमच्या वहीतल्या चवथीच्या नेवऱ्या अशा आहेत: मैदा ४ करवंट्या, भाजलेला बारीक रवा २, पिठीसाखर २, सुकं खोबरं किसून ३, खसखस दोन चमचे. करवंटी २०० मिलीची. मैदा ८०० मिली गुणिले ०.५५ (सासूबाई करवंटी डब्यात बुडवून काढायच्या, म्हणून थोडा दाटच धरला) म्हणजे ४४० ग्रॅम. रवा ४०० गुणिले ०.६९, पावणेतीनशे. पिठीसाखर ४०० गुणिले ०.५, दोनशे. खोबरं ६०० गुणिले ०.३५, दोनशे दहा. यावर्षी दुप्पट करायच्या होत्या, तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराची यादी अशी झाली: मैदा एक किलो, रवा अर्ध्या किलोचं एक पाकीट आणि घरातला थोडा, साखर अर्धा किलो (दळायला ४०० पुरते, बाकी चहाला), सुकं खोबरं ४५० ग्रॅम, खसखस ५० ग्रॅम कारण त्याहून कमी देताना दुकानदार तोंड वाकडं करतो.

नणंदेलाही तिची वाटी मोजायला लावली, ती निघाली १६५. बातिकेला तिच्या वाटीने रवा दोन वाट्या आणि वर दोन टेबलस्पून, साखर दीड वाटीला थोडी कमी, चार अंडी, दोनशे ग्रॅम बटर, नारळाचा खव दोनशे ग्रॅम. परवा फोटो आला, वर छान तांबूस, मधे बसलेली नाही, आणि खाली लिहिलेलं, "तुकडा ठेवलाय, पण रविवारपर्यंत येशील तरच."